प्रत आहे, पण शाबूत आहे का?

फोटोंचा संग्रह लाखाच्या घरात गेला की प्रत्येक फोटो उघडून पाहणं शक्य नसतं. त्यातले चार-दोन बिघडले तर वर्षानुवर्षं कळत नाही, आणि तोवर बिघडलेली फाइलच बॅकअपमध्ये जाऊन बसू शकते.

जेपेग या फोटोंच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात चित्राची माहिती कमी-जास्त लांबीच्या संकेतांत दाबून भरलेली असते. एक बिट, म्हणजे ० किंवा १ एवढा माहितीचा सर्वांत लहान कण, उलटला की पुढचा संकेत कुठे सुरू होतो हेच संगणकाला उमगत नाही. म्हणून अनेकदा फोटोचा वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि खाली रंग सरकतात किंवा राखाडी पट्टा उमटतो. अशा वेळी फाइलचा आकार आणि तारीख तीच राहते, त्यामुळे तेवढंच ताडून पाहणाऱ्या बॅकअप प्रोग्रामला काही खटकत नाही.

हे पकडतो तो चेकसम. एसएचए-२५६ ही पद्धत संपूर्ण फाइल वाचून ६४ अक्षर-अंकांची खूण काढते. एक बिट बदलला तरी खूण पार वेगळी येते. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून फोटो उतरवताच मूळ फायलींच्या खुणांची यादी करा. दोन स्वतंत्र डिस्कवरच्या प्रती कार्डाशी जुळल्या, की मगच कार्ड फॉरमॅट करा. तिसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी हवीच. ती हार्ड डिस्कवर ठेवलेली बरी, कारण वीज न लावता पडून राहिलेल्या एसएसडीतला (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमधला) विद्युतभार हळूहळू झिरपतो, उष्णतेत अधिक वेगाने.

मूळ फाइलमध्ये नंतर शीर्षक किंवा तारांकन लिहिलं तरी खूण बदलते आणि नाहक धोक्याची घंटा वाजते. मूळ फायलींना हात लावू नका. संपादित प्रती वेगळ्या फोल्डरात ठेवा. सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउडवरचे फोटो आपोआप सारखे ठेवणं, हा बॅकअप नव्हे: फोनवर पुसलेला फोटो क्लाउडवरूनही जातो. आणि ‘जागा वाचवा’ ही सोय चालू असेल, तर फोनवर किंवा लॅपटॉपवर फक्त लहान प्रती उरलेल्या असू शकतात. आधी मूळ फोटो क्लाउडवरून पूर्ण उतरवून घ्या, नाहीतर बॅकअप या लहान प्रतींचाच होईल.

वर्षातून दोनदा यादीशी पडताळणी करावी. सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने ४ टेराबाइट वाचायला सुमारे साडेसात तास लागतात, म्हणून रात्री लावून द्या. एखादी खूण जुळली नाही तर लगेच फाइल बदलू नका. डिस्क रीतसर काढून पुन्हा जोडा, म्हणजे संगणक स्मृतीतली जुनी प्रत वाचणार नाही, आणि परत तपासा. दर वेळी वेगळी खूण आली तर संशय केबलवर, जोडणीवर किंवा रॅमवर. तीच चुकीची खूण पुन्हा आली तर डिस्कवरची फाइलच बदललेली आहे: खूण जुळणारी प्रत दुसऱ्या डिस्कवरून आणा आणि डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’ (S.M.A.R.T.) अहवालात निकामी सेक्टरांचा, म्हणजे साठवणीच्या खराब झालेल्या कप्प्यांचा, आकडा पाहा. तो वाढत असेल तर ती डिस्क बदला.