विल-चेंज आलं कुठून? त्याआधीच्या थापेची गोष्ट

जुन्या वेबसाइटची सीएसएस (पान कसं दिसेल ते ठरवणारी भाषा) उघडली की कुठेतरी ट्रान्सलेटझेड(०), म्हणजे 'खोलीच्या दिशेने शून्य सरकव', हमखास सापडतं, आणि नवीन पोरं विचारतात की शून्य पिक्सेल सरकवून मिळतं काय? सरकत काहीच नाही, ती ब्राउझरला मारलेली थाप आहे, आणि तिची गरज पडू नये म्हणूनच पुढे सीएसएसमध्ये विल-चेंज ही प्रॉपर्टी आली.

झालं असं की २००७ च्या सुमारास वेबकिटवाल्यांनी (सफारीचं इंजिन बनवणाऱ्यांनी) सीएसएसमध्ये ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं, लहान-मोठं करणं) आणि अ‍ॅनिमेशन आणायला घेतलं, पुढे थ्रीडी ट्रान्सफॉर्म आले आणि आयफोनवर ते जीपीयूवर (ग्राफिक्सच्या वेगळ्या चिपवर) पळायला लागले. लेफ्ट-टॉप बदलत पानावरचा डबा हलवला तर दर फ्रेमला लेआउट (काय कुठे बसेल त्याचा हिशोब), मग पेंट (पिक्सेल रंगवणं), पुन्हा पहिल्यापासून, आणि सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशोबाने हातात जेमतेम १६.७ मिलिसेकंद, त्या काळच्या फोनला ते कुठून झेपणार! थ्रीडी म्हटलं की मात्र ब्राउझर तो भाग वेगळ्या लेयरवर (स्वतंत्र चित्रासारखा) काढून ठेवायचा आणि मग नुसता लेयर हलवायचा. लोकांनी हे बरोबर हेरलं आणि जिथे थ्रीडीचा काही संबंध नाही तिथेही थ्रीडीचं सोंग सुरू झालं. बॅकफेस-व्हिजिबिलिटी हिडन (डब्याची मागची बाजू लपव) टाकायचे तेही त्याचसाठी.

गोची ही की खरं कारण ब्राउझरला कधी कळायचंच नाही. मग विल-चेंज आलं: "हे पुढे बदलणारे, तयारीत रहा" एवढंच सांगायचं, तयारी कशी करायची ते तो बघेल. डब्ल्यूथ्रीसीचा (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा) पहिला मसुदा एप्रिल २०१४ चा, त्याच वर्षी क्रोम ३६ मध्ये आलं, २०१५ ला फायरफॉक्समध्ये (तिथेही व्हर्जन ३६च, योगायोग बघा), २०१६ ला सफारी ९.१. मायक्रोसॉफ्टचे एजवाले मात्र क्रोमियमवर (क्रोमच्याच पायावर) जाईपर्यंत ताटकळले.

आणि आपण काय केलं, तर जुनी सवय तशीच, दिसेल त्याला विल-चेंज! आता १००० बाय १००० पिक्सेलचा एक लेयर म्हणजे पिक्सेलला ४ बाइट धरून ४ एमबी, तीनपट डेन्सिटीच्या फोनवर (उभे-आडवे तिप्पट, म्हणजे नऊपट पिक्सेल) तोच ३६ एमबी, अशा पन्नास लेयरचं काय होईल ते तुम्हीच बघा. फायरफॉक्सने तर शेवटी मर्यादाच घातली, जास्त झालं की तो विल-चेंजकडे दुर्लक्ष करतो आणि कन्सोलमध्ये वॉर्निंग टाकतो. खरं तर जपून वापरा हे स्पेकमध्येच (मानकाच्या मजकुरातच) लिहिलंय, आणि होव्हरला (माउस वर आल्यावर) बदल होणार असेल तर विल-चेंज त्या होव्हरवर नाही, बाहेरच्या डब्याच्या होव्हरवर लावा, म्हणजे माउस बटणापर्यंत पोचेस्तोवर ब्राउझरला तयारीला थोडा वेळ मिळतो.