ऑनलाइन बाजारपेठांतील बनावट मालाचे मापन

ऑनलाइन बाजारपेठेवर विकल्या जाणाऱ्या ब्रँडेड मालापैकी किती माल नकली आहे, याचा अंदाज बांधण्याच्या पद्धती. परवानगीशिवाय दुसऱ्याचे व्यापारचिन्ह लावलेली वस्तू बनावट मानतात. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून उघड विकलेली वस्तूही त्यात मोडते. ब्रँडचाच अस्सल माल परस्पर आयात करून विकला (समांतर आयात), तर तो अधिकृत विक्रेत्याकडचा नसला तरी बनावट नव्हे. ग्राहकाने परत केलेला माल नवा म्हणून खपवणे ही फसवणूक खरी, पण वेगळ्या जातीची. मोजणीपूर्वी ही हद्द आखली नाही, तर पुढचे सगळे आकडे फुगतात.

प्रचलित आकड्यांचे मूळ. जागतिक व्यापारापैकी ५ ते ७ टक्के माल बनावट असतो, हे विधान साधारणतः १९९० च्या दशकापासून उद्धृत होत आले. ते बहुधा आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या नावावर दिले जाते; त्यामागची मोजपद्धती स्पष्ट झालेली नाही. अमेरिकेचे दरवर्षी २०० ते २५० अब्ज डॉलरचे नुकसान होते, हा एफबीआयच्या नावे फिरणारा आकडाही तसाच. त्यातील २०० अब्जांचा माग एका पत्रकारी शोधाने १९९३ च्या ‘फोर्ब्ज’मधील एका चौकटीपर्यंत नेला आहे आणि ते मूळ संभाव्य वाटते. अमेरिकी शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने (गाओ) एप्रिल २०१० च्या अहवालात हा आणि आणखी दोन शासकीय आकडे तपासले. तिन्हींना मूळ विदेचा आधार सापडला नाही.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचे (ओईसीडी) अंदाज अधिक शिस्तबद्ध आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापारातील बनावट माल तिने २००५ साठी २०० अब्ज डॉलरपर्यंत धरला. युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयासह केलेल्या अभ्यासांत २०१३ साठी ४६१ अब्ज (२.५ टक्के), २०१६ साठी ५०९ अब्ज (३.३ टक्के) आणि २०१९ साठी ४६४ अब्ज (२.५ टक्के) असे आकडे आले. सीमाशुल्क विभागांच्या जप्त्यांवरून कोणत्या वस्तूत आणि कोणत्या देशातून बनावट मालाची शक्यता जास्त, याचा निर्देशांक काढतात. हा निर्देशांक सापेक्ष असतो: घड्याळांत धोका खेळण्यांपेक्षा जास्त की कमी हे तो सांगतो, प्रत्यक्ष प्रमाण सांगत नाही. त्यासाठी एका व्यापारप्रवाहाचे कमाल प्रमाण बाहेरून गृहीत धरावे लागते. तो खुंटा हलला की सगळी बेरीज हलते. म्हणून या अहवालांतील ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे आणि बातम्यांत नेमका तोच गळतो. शिवाय देशात बनून देशातच खपणारा माल या हिशेबात नाही.

याच दोन संस्थांच्या २०२१ च्या अभ्यासात युरोपीय संघाच्या सीमेवरील २०१७–१९ मधील जप्त्यांपैकी ५६ टक्के ई-व्यापाराशी निगडित आढळल्या. मूल्यात मात्र त्यांचा वाटा १४ टक्केच होता. कारण टपालाच्या पाकिटात एखादी जोडी असते, कंटेनरमध्ये हजारो.

चाचणी-खरेदी. एखाद्या संकेतस्थळापुरते बोलायचे, तर सामान्य ग्राहकासारखा माल विकत घेऊन तो तपासणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग दिसतो. अट एक: खरेदी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी हवी. आधी ब्रँडच्या सर्व लिस्टिंगची (विक्रीस मांडलेल्या वस्तूंच्या पानांची) यादी करून ती किंमत, विक्रेता आणि गोदाम (संकेतस्थळाचे की विक्रेत्याचे) यांनुसार स्तरांत विभागतात. मग विक्रीच्या प्रमाणात नमुना काढतात. विक्रीचे आकडे बाहेर मिळत नसल्याने रेटिंगची संख्या वापरली जाते. पण अनेक संकेतस्थळे सर्व रंग-मापांची रेटिंग एकत्र दाखवतात आणि खोटी रेटिंगही असतात. नुसत्या लिस्टिंग मोजल्या, तर एकही नग न खपलेली लिस्टिंग आणि हजार नग खपलेली लिस्टिंग सारखीच ठरते.

खरेदी नेहमीच्या खात्यावरून करतात. ब्रँडच्या कार्यालयाचा पत्ता दिला की सावध विक्रेता अस्सल नग पाठवतो. पार्सल अखंड व्हिडिओत, एअरवे बिल क्रमांक दिसेल असे उघडतात, पावती जोडतात आणि क्रमांकित पिशवीत मोहोरबंद करतात. माल बूट असेल, तर त्याच्या जिभेवरील लेबलचा स्टाइल कोड खोक्यावरच्या स्टिकरशी जुळतो का, हे आधी पाहतात. जुळला म्हणून बूट अस्सल ठरत नाही, कारण लेबलचीही नक्कल होते. मग शिलाई, डिंकाची रेघ आणि आतला सोल यांकडे वळतात. गोदामात अनेक विक्रेत्यांचा माल एकाच बारकोडखाली मिसळलेला असेल, तर हाती आलेला नग कोणाचा हे सांगता येत नाही.

टिफनी कंपनीने २००४ आणि २००५ मध्ये ईबेवरून दागिने विकत घेऊन अनुक्रमे ७३.१ आणि ७५.५ टक्के बनावट ठरवले. ईबेविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने ही पद्धत सदोष मानली, तरी बनावट मालाचा वाटा लक्षणीय असल्याचे मान्य केले. चीनच्या उद्योग व वाणिज्य प्रशासनाने २०१४ मध्ये ताओबाओ या संकेतस्थळावरून घेतलेल्या ५१ नमुन्यांपैकी ३७.२५ टक्केच, म्हणजे १९, अस्सल ठरले. नमुना यादृच्छिक धरला तरी अस्सल मालाचे खरे प्रमाण अंदाजे २४ ते ५१ टक्के यांमध्ये कुठेही असू शकते. गाओने २०१८ च्या अहवालासाठी घेतलेल्या ४७ वस्तूंपैकी २० बनावट निघाल्या: सौंदर्यप्रसाधने १३ पैकी १३, प्रवासी मग ९ पैकी ६, चार्जर १० पैकी १, बूट १५ पैकी शून्य. शून्य आले तरी बुटांतील बनावट प्रमाण १८ टक्क्यांपर्यंत असणे या नमुन्याशी विसंगत नाही. बनावट मालाचे खरे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असेल आणि ते २ टक्के अधिक-उणे इतक्या फरकाने, ९५ टक्के खात्रीने मोजायचे असेल, तर सुमारे ४५६ खरेद्या लागतात. महागड्या ब्रँडचे अभ्यास तुटपुंजे राहतात ते याच खर्चामुळे.

तपासनीसाची चूकही हिशेबात घ्यावी लागते. प्रत्यक्षात २ टक्के माल बनावट असेल आणि तपासनीस अस्सल-नकली दोन्हींबाबत ९५ टक्के अचूक असेल, तरी अहवालात ६.८ टक्के येतात. चाचणीची चूक वजा करून खरे प्रमाण काढण्याची, रोगन व ग्लॅडेन यांनी १९७८ मध्ये रोगचाचण्यांसाठी मांडलेली दुरुस्ती येथे जशीच्या तशी लागू पडते.

तक्रारी आणि मते. ॲमेझॉनने २०२० सालासाठी कळवले, की विकलेल्या ०.०१ टक्क्यांहून कमी वस्तूंबाबत बनावटपणाची तक्रार आली. येथे छेदात कंपनीची सगळी विक्री आहे, ज्यांची नक्कल सहसा होत नाही अशा वस्तूंसह. आणि फसल्याचे न कळलेला ग्राहक तक्रार करत नाही. भारतात क्रिसिल ही पतमापन संस्था आणि प्रमाणीकरण-तंत्रज्ञान पुरवठादारांची संघटना यांच्या २०२३ मधील अहवालातील ‘२५ ते ३० टक्के माल बनावट’ हा आकडा मुंबईसह बारा शहरांतील ग्राहकांच्या समजुतीचा आहे, तपासलेल्या मालाचा नव्हे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवणे बंधनकारक झाल्याने एकाच पत्त्यावरची अनेक दुकाने ओळखून नमुना आखणे आता शक्य आहे.

मूल्यांकन. अमेरिकी सीमाशुल्क खाते जप्त मालाची किंमत अस्सल वस्तूच्या किरकोळ दराने लावते. ८,००० रुपयांच्या बुटाची नक्कल ९०० रुपयांना विकली गेली, तर उलाढाल ९०० रुपयांची; ब्रँडचे नुकसान मात्र तो ग्राहक एरवी अस्सल बूट घेणार होता का, यावर अवलंबून. स्वस्त म्हणून जाणूनबुजून नक्कल घेणारा बहुधा घेणार नव्हता. पूर्ण किंमत मोजून फसलेला नक्कीच घेणार होता. दोघांची विक्री वेगळी मोजल्याशिवाय काढलेले नुकसान ग्राह्य धरू नये.