इंजिन जागेवर, हेड बाहेर

पुण्याहून साताऱ्याला जाताना भर मे महिन्यात खंबाटकीचा घाट चढायला घ्यावा आणि अर्ध्या चढावर मारुती ८०० चा तापमानाचा काटा लालवर टेकावा. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ऐकलेलं वाक्यही आठवत असेल: "हेड गॅस्केट उडालंय साहेब, हेड उतरवावं लागेल." त्यावर मालक हमखास विचारतो, "म्हणजे इंजिन खाली घेणार?"

या गाडीत तरी तशी गरज नसते. बॉनेट उघडून, इंजिन आपल्या जागी ठेवूनच हेड काढता येतं. मात्र ते काढताना चांगला मेकॅनिक जी शिस्त पाळतो, तिच्यातली प्रत्येक गोष्ट धातूंच्या स्वभावातून आलेली आहे. मला त्या कामाचा हाच भाग सगळ्यात देखणा वाटतो.

मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, एका ओळीत तीन सिलिंडर असलेलं. सिलिंडर ज्यात असतात तो ब्लॉक, आणि हेड म्हणजे त्यावरचं झाकण; दोघांमधली फट बंद करणारा पातळ थर म्हणजे गॅस्केट. व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट सगळं हेडमध्येच. एका सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी, म्हणजे वरचं क्षेत्रफळ साधारण ३७ चौरस सेंटीमीटर. पेट्रोल पेटताना आतला दाब चौरस सेंटीमीटरला ४० किलोपर्यंत गेला, तर झाकण वर उचलू पाहणारा जोर जवळपास दीड टन होतो. अख्ख्या गाडीच्या वजनाच्या दुपटीहून जास्त, आणि तोही मिनिटाला हजारो वेळा.

एवढा जोर बोल्ट पेलतात, ते ताणलेले असतात म्हणून. आवळलेला बोल्ट मिलिमीटरच्या छोट्या अंशाने लांबतो आणि स्प्रिंगसारखा परत आखडू पाहतो. त्या ओढीने हेड, गॅस्केट आणि ब्लॉक एकमेकांवर दाबून राहतात.

आता या सँडविचमधली अडचण बघा. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. एक फूट लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं तर अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं, खालचा ब्लॉक मात्र पाव मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे रोज सकाळी इंजिन गरम होताना हेड ब्लॉकवर किंचित सरकतं आणि रात्री परत येतं. मधलं गॅस्केट हे सगळं मुकाट्याने सोसतं.

घाटात पाणी उकळून गेलं की हा हिशोब बिघडतो. हेडचा मधला भाग कडांपेक्षा फार तापतो, त्याला पसरायचं असतं, पण चहूबाजूंनी बोल्टांनी धरलेलं. तापलेलं अॅल्युमिनियम मऊ पडतं, जागा मिळत नाही तेव्हा स्वतःतच दबतं. थंड झाल्यावर तो भाग आखडतो आणि हेड वाकतं. फटीतून पाणी तेलात उतरतं. तेलाचं झाकण उघडलं की आत फेटलेल्या कॉफीसारखा थर दिसतो.

म्हणूनच पहिला नियम: इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हेडच्या बोल्टाला हात लावायचा नाही. संध्याकाळी आलेली गाडी सकाळीच उघडायची. पाणी काढून टाका, मॅनिफोल्ड (हवा आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) मोकळे करा, कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवून तो उतरवा, टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) काढा, आणि मग बोल्ट. तेही बाहेरून आत, आलटून पालटून, एका वेळी पाव फेरा. मधले बोल्ट आधी सोडले तर दोन्ही टोकं दाबलेली राहतात आणि मध्ये हेड उचकू पाहतं. सगळ्या स्प्रिंगांचा ताण एकसारखा उतरला पाहिजे. हे जमायला ताकद लागत नाही, सबुरी लागते.

गॅस्केट चिकटून बसलेलं असलं तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो. तो आवरावा. अॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडाही पुढे वाफेला वाट करून देतो. लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्यावेत आणि हेड सरळ वर उचलावं, कारण जागेवर बसवणाऱ्या पिना तिरकं निघू देत नाहीत. ठेवतानाही दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवावं; उघड्या अवस्थेतले व्हॉल्व्ह खालून बाहेर आलेले असतात, सपाट टेबलावर ते वाकतील.

हेच इंजिन ओम्नीत पुढच्या सीटखाली होतं, तिथे सीट उचलून काम चालायचं. सुबारूच्या बॉक्सर इंजिनात मात्र हेडं दोन्ही बाजूंना, चॅसिसच्या अगदी जवळ असतात. बोल्ट बाहेर यायला जागाच अपुरी, म्हणून तिथे पुष्कळ मेकॅनिक इंजिन खाली घेणंच पसंत करतात.

बाहेर काढलेल्या हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालच्या फटीत फीलर गेज, म्हणजे मोजलेल्या जाडीची पातळ पाती, सरकवून बघतात. ०.०५ मिमीहून जास्त फट, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, आणि हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, जातं.

इंजिन गाडीतच असल्याचा एक धोका इथे आहे. हेड उचलताना उरलेलं पाणी आणि तेल बोल्टाच्या भोकांत उतरतं, आणि ब्लॉक उलटा करून ते ओतून टाकता येत नाही. द्रव दबत नाही. भोक खाली बंद असेल तर आत जाणारा बोल्ट दट्ट्यासारखा दाब देतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक भोकावर कापड धरून आत हवा मारायची.

परत आवळताना क्रम उलटा, मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने. पान्यावर लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा भाग बोल्ट ताणायला लागतो, बाकीचा घर्षणात जातो. त्यामुळे आट्या गंजलेल्या असल्या तर पान्याचा आकडा बरोबर येतो आणि ताण कमी पडतो. तेल जास्त झालं तर बोल्ट हवा त्याहून जास्त ताणला जातो. आट्यांना तेल लावायचं की नाही, हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघावं.

शेवटी कूलंट भरायचं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं आणि तोंडाशी येणारे बुडबुडे बघत उभं राहायचं. आधी भरभर येतात, मग विरळ होतात. अडकलेली हवा निघून गेल्यावरही ते येतच राहिले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय असं समजायचं, आणि इंजिन बंद करून सकाळपर्यंत थांबायचं.