पाठीमागचे दहा सेंटिमीटर

ऑनलाइन दुकानात 'हंटिंग बॅकपॅक' असं शोधलं की भरपूर माल समोर येतो. पानाफांद्यांचं चित्र छापलेलं कापड, चहूबाजूंनी लोंबणारे पट्टे, बंदूक अडकवायची सोय, आणि ६०, ८०, १०० लिटर असे चढत जाणारे आकडे. ही पिशवी घडली अमेरिकेत. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा शिकार वाहायला ती कुणी घेत नाही. घेतात ते खानदेशातल्या यावल अभयारण्यात कॅमेऱ्याने पक्षी टिपायला जाणारे, पाटणादेवीच्या डोंगरात दिवसभर हिंडणारे, नाहीतर तोरणमाळ-अस्तंब्याकडे दोन-तीन मुक्काम ठोकणारे. आणि बहुतेक जण ती लिटर आणि रंग बघून घेतात. घेण्यासारखी गोष्ट मात्र या दोन्हींत नाही.

ती आहे चौकटीत, म्हणजे पिशवीला पाठीच्या बाजूने आधार देणाऱ्या ताठ सांगाड्यात. अमेरिकेतला शिकारी वापिती हरणाचं मांस तोडून पाठीवरून गाडीपर्यंत आणतो. एका खेपेला तीस-चाळीस किलो सहज होतात. त्यासाठी चांगल्या हंटिंग पॅकमध्ये पिशवी चौकटीपासून सुटी करता येते आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत, म्हणजे थेट पाठीला लागून, मांसाची पोतडी बांधली जाते. कपडे, दोऱ्या, डबे असला हलका माल तिच्या मागे. सगळ्यात जड वस्तू सगळ्यात जवळ ठेवायची, इतकंच त्यातलं तत्त्व. ते का चालतं, हे शाळेतल्या तरफेवरून कळतं.

सीसॉवर लहान मूल टोकाला आणि मोठा माणूस टेकूजवळ बसला की मूल त्याला उचलतं. टेकूपासूनचं अंतर वाढलं की थोडं वजनही जास्त फिरवतं. पाठीवर पिशवी घेतलेल्या माणसाचा टेकू म्हणजे खुब्याचे सांधे. पिशवी मागे ओढते आणि आपण तोल साधायला पुढे वाकतो. किती वाकतो, याचा हिशेब करून बघू. (आकडेमोडीचा कंटाळा असेल त्याने पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.)

माणूस ६५ किलोचा धरा. खुब्यांच्या वरचं शरीर साधारण ४४ किलो, त्याचा गुरुत्वमध्य खुब्यांपासून सुमारे ३० सेंटिमीटर वर. पिशवी १५ किलोची, तिचा गुरुत्वमध्य ३५ सेंटिमीटर उंचीवर आणि २५ सेंटिमीटर मागे. तोल साधतो तेव्हा वाकण्याच्या कोनाचा टॅन्जंट असतो (१५ × २५) भागिले (४४ × ३० + १५ × ३५). म्हणजे ३७५ भागिले १८४५, साधारण ०.२०. कोन आला साडेअकरा अंश. आता तीच पिशवी नीट भरून गुरुत्वमध्याचं मागचं अंतर १५ सेंटिमीटरवर आणा. २२५ भागिले १८४५, कोन सात अंश. आणि अंतर २५च ठेवून वजन १५ सेंटिमीटर उंच चढवलं तर? ३७५ भागिले २०७०, सव्वादहा अंश.

'जड सामान वर ठेवा' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. आकडे बघा: पंधरा सेंटिमीटर उंची वाढवून सव्वा अंश वाचतो, दहा सेंटिमीटर जवळ आणून साडेचार. शिवाय उंच ठेवलेलं वजन सातपुड्याच्या घसरड्या मुरमावर पाय सटकला की माणसाला घेऊनच कलंडतं. म्हणून जड माल पाठीच्या मध्यावर आणि पाठीला चिकटवून. साडेअकरा अंश वाकलेला माणूस वाट बघायला मान वर उचलून धरतो. दिवसभर ते काम मानेच्या मागच्या स्नायूंनी केलं की संध्याकाळी मान धरणारच.

रावेर-यावलकडे केळीचा घड चुंबळीवर ठेवून बांधावरून झपाझप चालणारी माणसं दिसतात. त्यांच्या हिशेबात हे मागचं अंतर शून्य, भार सरळ मणक्यांवरून खाली उतरतो. केनियातल्या बायकांवर १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं ओझं डोक्यावर घेऊनही त्यांची ऊर्जा जास्त खर्च होत नव्हती. पण त्यामागे लहानपणापासूनची सवय असते. सवय नसलेल्याने डोक्यावर पाण्याचा कॅन घेऊन घाट चढू नये.

म्हणजे दुकानात आधी बघायचा तो पिशवीचा आकार. दोन पिशव्या सारख्याच लिटरच्या असल्या तरी जाड-बुटकी पिशवी वजन मागे ढकलते, चपटी-उंच पिशवी जवळ धरते. मोठ्या पिशवीत थोडं सामान भरलं की ते तळाशी बसतं आणि बाहेरच्या बाजूला फुगतं. 'एकदाच मोठी घेऊ, दोन्हीकडे चालेल' हा हिशेब तिथे फसतो. चालवायचाच असेल तर दोन्ही बाजूंना आवळायचे पट्टे हवेत, वर आणि खाली दोन्हीकडे. दिवसाच्या फेरीला २० ते ३० लिटर पुरतात, पाच-सात किलो भार. दोन-तीन मुक्कामांना ५० ते ६५ लिटर, १२ ते १५ किलो. खरी मांसवाहू चौकट स्वतःच अडीच-तीन किलोची असते. मोठी लेन्स, ट्रायपॉड आणि पाणी असं सगळं नेणाऱ्यालाच ती परवडते.

आता दुसरी गोष्ट, कंबर. खांद्यांवरचे पट्टे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा दाबतात; जास्त वेळ दाब राहिला की बोटांना मुंग्या येतात, हात जड पडतो. कमरेचं हाड मात्र भार घ्यायलाच घडलेलं आहे. चांगल्या पिशवीत दोन तृतीयांशाच्या आसपास वजन कमरेच्या पट्ट्यावर उतरवता येतं. डिक केल्टी या अमेरिकन गिर्यारोहकाने १९५२ साली ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या पिशव्या विकायला सुरुवात केली. त्याआधी एका मोहिमेत चौकटीची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली तर खांदे हलके होतात, हे ध्यानात आलं होतं. कमरेचा पट्टा त्याच खिशांचा वारस.

पण पट्टा आहे म्हणजे भार उतरला, असं नाही. भार खांद्याकडून कमरेकडे न्यायला मधे ताठ काहीतरी लागतं. उभी सळई दाबली की ती मधे वाकते. लांबी दुप्पट केली तर ती चौथाई भारातच वाकते. पन्नास सेंटिमीटर उंच पिशवीत पाठीला नुसता फोमचा तुकडा असेल तर १५ किलोखाली तिची घडी पडते आणि सगळं वजन परत खांद्यांवर. हात घालून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा कडक शीट लागते का ते बघा. खांद्यावरून चौकटीच्या वरच्या टोकाला जाणारे बारीक पट्टे सुमारे ४५ अंशांत वर गेले पाहिजेत. चौकट खांद्याच्या खालीच संपत असेल तर ते शोभेचे.

माप घरी घ्या. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड टोचतं, तिथून सुरुवात. हात कमरेवर, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ हा शेवट. मणक्याच्या बाकानुसार टेप टेकवून मधलं अंतर मोजा. मोठ्या माणसात ते साधारण ४० ते ५२ सेंटिमीटर भरतं आणि ते नुसत्या उंचीवरून ठरत नाही. पिशवीची पाठ त्या मापाची हवी, नाहीतर सरकवता येणारी.

मग पाच-पाच किलो दादर ज्वारीच्या दोन पिशव्या चादरीत गुंडाळून आत ठेवा आणि जिना चढा-उतरा, निदान वीस मिनिटं. आधी सगळे पट्टे ढिले. कमरेचा पट्टा हाडाच्या कडेवर मधोमध बसवून आवळा, मग खांद्यांचे, मग वरचे बारीक, शेवटी छातीचा. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कमरेच्या पट्ट्याच्या गाद्या पुढे एकमेकींना टेकत असतील तर माप मोठं आहे. आठ-दहा सेंटिमीटर फट हवी. पँटचा चामडी पट्टा काढून ठेवा, त्याचं बक्कल खाली दबून घट्टे पाडतं. मऊ स्पंज दुकानात छान वाटतो आणि तासाभरात चपटा होतो, अंगठ्याने दाबून पाहिला की लगेच कळतं.

कमरेला पट्टा आवळला की बेंबी सरकते, म्हणून तो बांधू नये, असंही ऐकायला मिळतं. बेंबी हा जन्मानंतर उरलेला व्रण. ती सरकून कुठे जाणार? पट्टा पोटावर नाही, हाडावर येतो. पोटात दुखत असेल तर तो दोन बोटं वर बसलाय. तीच गत 'मिलिटरी ग्रेड' या शब्दांची. त्यांना ठरलेला अर्थ नाही. बाहेर शिवलेल्या पट्ट्यांच्या रांगा बोरी-घाणेरीत अडकतात, आणि लष्करी छापाच्या कापडाने नाक्यावर उगाच चौकशी मागे लागते. मातकट किंवा हिरवा साधा रंग पुरे. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. २१०चं नायलॉन दिवसाला चालतं, काट्याकुट्यात मुक्काम करायचा तर तळाला ५०० हवं. वेल्क्रो टाळा, शांत जंगलात तो कापड फाटल्यासारखा ऐकू येतो आणि सांबर उधळतं.

खानदेशात सगळ्यात जड सामान म्हणजे पाणी. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५वर असताना माणशी पाच लिटर लागतं, म्हणजे पाच किलो, आणि सातपुड्यातले नाले तोवर कोरडे. पाच लिटरचा कॅन निम्मा झाला की पाणी आत हिंदकळतं आणि दर पावलाला गुरुत्वमध्य हलतो. त्यापेक्षा लिटरच्या पाच बाटल्या: चार काठोकाठ भरून पाठीला लागून उभ्या, पाचवी हाताशी. एक संपली की मगच दुसरी उघडायची. कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाणे त्यांच्या मागे. हिवाळ्यात तोरणमाळला पारा एक आकडी होतो. झोपायची पिशवी फुगीर पण हलकी, ती तळाशी.

पावसाळ्यात वरचं आवरण पाठीच्या बाजूने काहीच झाकत नाही. आत जाड प्लास्टिकची पिशवी लावा. घरी आल्यावर चिखल धुऊन, सगळ्या चेन उघड्या ठेवून सावलीत वाळवा. ओली पिशवी पत्र्याखालच्या माळ्यावर टाकली तर उष्णता आणि ओल मिळून कापडाच्या आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर कुजवतात. तो चिकट होतो, मग पापुद्रे सुटून कपड्यांना लागतात. धान्याच्या कोठीमागची थंड, कोरडी जागा तिला चांगली मानवते.