हाताच्या कडेला फणीचे दात: जुना व्हिडिओ न बिघडवता कसा बदलावा

मिनीडीव्ही कॅसेटवरच्या लग्नाचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर लावा आणि अक्षता पडताना थांबवा. उंचावलेल्या हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतील. कॅसेट खराब झाली, असं समजून अनेक जण इथेच चुकीचं फिल्टर लावतात. कॅसेट ठणठणीत असते. तुम्ही दोन वेगळे क्षण एकत्र पाहत असता.

आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' (PAL) पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम आणि फ्रेममध्ये दिसणाऱ्या ५७६ ओळी. पण इंटरलेस्ड कॅमेरा फ्रेम एकदम टिपत नाही. आधी एकाआड एक २८८ ओळी, मग १/५० सेकंदानंतर मधल्या २८८. या प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. एका सेकंदात पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा हात दोन फील्डच्या मध्ये सुमारे १४ पिक्सेल सरकतो. तेच ते दात. जुना काचेचा टीव्ही फील्ड एकामागून एक दाखवायचा, म्हणून तिथे ते कधी दिसले नाहीत.

म्हणजे टेपवर सेकंदाला ५० क्षण आहेत. ते सगळे शेवटच्या फाइलपर्यंत पोचवायचे आहेत.

सर्वांत मोठं नुकसान आकार बदलताना होतं. ५७६ ओळींच्या ४८० किंवा १०८० करताना सॉफ्टवेअर शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतं. शेजारची ओळ तर दुसऱ्या क्षणाची! एकदा मिसळल्या की कोणतंही फिल्टर त्या वेगळ्या करू शकत नाही. म्हणून उंची बदलणं, फिरवणं, हलणारं चित्र स्थिर करणं, हे सगळं डीइंटरलेसिंगनंतर, म्हणजे प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करून दात घालवल्यानंतर. वरून एक ओळ कापली तरी फील्डचा क्रम उलटतो. व्हीएचएसमध्ये तळाशी फाटल्यासारख्या काही ओळी असतात. त्या कापण्यापेक्षा त्यांवर काळी पट्टी टाकावी.

हा क्रमही नीट पाहायला हवा. डीव्हीमध्ये (मिनीडीव्ही कॅसेटवरचा व्हिडिओ याच प्रकारचा) खालचं फील्ड आधी येतं. एचडीव्ही व एव्हीसीएचडी या नंतरच्या एचडी कॅमेऱ्यांच्या प्रकारांत आणि पालच्या बहुतेक डीव्हीडींमध्ये वरचं. क्रम चुकला की चालणारा माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरतो. तपासायला सोपं आहे: छोटा तुकडा सेकंदाला ५० फ्रेममध्ये बदला आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये ई (E) दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. हात सरळ पुढे गेला तर क्रम बरोबर. मागे-पुढे झाला तर उलटा.

डीव्ही कॅसेट फायरवायरनेच (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणारी डिजिटल केबल) उतरवावी. ही निव्वळ नक्कल असते, तासाला साधारण १३ जीबी. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींनी घेतली तर आधीच डिजिटल असलेलं चित्र अ‍ॅनालॉग होऊन पुन्हा डिजिटल होतं आणि रंग पसरतात. फक्त नको तो भाग काढायचा असेल तर पुन्हा एन्कोड करू नका, म्हणजे सगळा व्हिडिओ नव्याने दाबून लिहू नका. डीव्हीची प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, कुठेही कापता येते. डीव्हीडीच्या एमपेग-२ मध्ये फ्रेम एकमेकींवर अवलंबून असतात, म्हणून तिथे कीफ्रेमवरच, म्हणजे दुसऱ्या फ्रेमवर अवलंबून नसलेल्या फ्रेमवरच, कापावं.

डीइंटरलेसिंग एकदाच करा, आणि २५ नव्हे, ५० फ्रेममध्ये. अनेक प्रोग्रॅम न विचारता २५ करतात. त्यात निम्मी हालचाल जाते आणि अक्षता झेप घेत पडल्यासारख्या दिसतात. 'ब्लेंड' पर्याय तर कधीच नको. तो दोन क्षण एकावर एक ठेवतो आणि हाताला सावली येते. एफएफएमपेग या प्रोग्रॅमचं बीडब्ल्यूडिफ (bwdif) फिल्टर प्रत्येक फील्डची फ्रेम करायला लावलं तर चांगलं आणि वेगवान. एव्हीसिंथ या प्रोग्रॅममधलं क्यूटीजीएमसी (QTGMC) फार हळू चालतं, पण साडीच्या जरीसारख्या बारीक रेघा लुकलुकत नाहीत. घरच्या कॅसेटसाठी एक रात्र कॉम्प्युटर चालू ठेवणं परवडतं, म्हणून आमची पसंती त्यालाच.

मधली फाइल प्रोरेस ४२२ एचक्यूसारख्या व्हिडिओ कमी दाबणाऱ्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) ठेवा, संपादन तिच्यावर करा आणि शेवटी एच.२६४ मध्ये सीआरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितकं चित्र चांगलं) १८ च्या आसपास ठेवून काढा. यूट्यूब ५० फ्रेमचा वेग ७२० ओळी आणि त्याहून मोठ्या आकारातच ठेवतं. म्हणून ४:३ चा व्हिडिओ टाकण्याआधी १४४० × १०८० करावा. डीव्हीचे पिक्सेल चौकोनी नसतात, हे इथेच दुरुस्त होतं. नाहीतर ७२० × ५७६ ची फाइल चौकोनी पिक्सेल धरून दाखवली की नवरा-नवरी किंचित बारीक दिसतात.

एक अपवाद. पालच्या डीव्हीडीवरचा चित्रपट फाइलच्या नोंदीत इंटरलेस्ड लिहिलेला असला तरी बहुधा त्याची दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात. हलत्या दृश्यावर थांबवून पाहा. दात दिसले नाहीत तर फिल्टर लावू नका, कारण तिथे ते फक्त बारीक तपशील पुसतं.