ऑप्शनचा करार घडला कसा: विसारापासून एका दिवसाच्या एक्स्पायरीपर्यंत

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने (स्ट्राइक) ठरलेल्या मुदतीत (तिचा शेवट म्हणजे एक्स्पायरी) शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, बंधन नव्हे. घेण्याचा हक्क म्हणजे कॉल, विकण्याचा म्हणजे पुट, आणि हक्कासाठी मोजायची किंमत म्हणजे प्रीमियम. ऑप्शन चेन, म्हणजे या भावांचा तक्ता, उघडली की मधोमध स्ट्राइकचा रकाना, एका बाजूला कॉल, दुसऱ्या बाजूला पुट आणि वर एक्स्पायरीची तारीख दिसते. नवख्या गुंतवणूकदाराला वाटतं की ही मांडणी पहिल्यापासून अशीच असणार. पण १९७३ पर्यंत अशी मांडणीच नव्हती. स्ट्राइक, मुदत आणि प्रीमियम प्रत्येक सौद्यात नव्याने ठरायचे, आणि घेतलेला ऑप्शन मुदतीआधी विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक मिळायची मारामार. आज डोळे झाकून पाळले जाणारे बरेच नियम कुठेतरी पैसे अडकल्यामुळे किंवा बुडाल्यामुळे आलेले आहेत. नियम कशामुळे आला हे कळलं की ऑप्शन पाठ करावा लागत नाही.

सगळ्यात जुनी नोंद ॲरिस्टॉटलने केलेली. मिलेटसच्या थेलीस या ग्रीक तत्त्वज्ञाला पुढच्या हंगामात ऑलिव्हचं पीक भरघोस येणार असा अंदाज आला. हिवाळ्यात कोणी विचारत नसताना त्याने मिलेटस आणि किऑस इथल्या तेलघाण्यांसाठी थोडीथोडी रक्कम भरून ठेवली. हंगामात घाण्यांवर झुंबड उडाली, तेव्हा त्याने ते आपल्या दराने भाड्याने दिले. पीक आलं नसतं तर भरलेली रक्कम गेली असती, त्यापलीकडे काही नाही. हा कॉलच झाला. घाणेवाल्यांकडेही बघायला हवं, कारण ते ऑप्शनचे विक्रेते होते. त्यांना थोडी पण खात्रीची रक्कम आधीच मिळाली आणि हंगामातली वाढीव कमाई त्यांच्या हातून गेली. कव्हर्ड कॉल (म्हणजे हातात असलेल्या शेअरवरचा कॉल) विकणाऱ्याचा सौदा आजही हाच असतो.

प्रीमियम समजावताना मराठीत विसाराचा दाखला पटकन तोंडात येतो, पण एक फरक आहे. विसार पुढे व्यवहाराच्या किमतीत वळता होतो, प्रीमियम होत नाही. १,००० स्ट्राइकचा कॉल २२ प्रीमियमने घेतला आणि शेअर एक्स्पायरीला १,०१५ वर थांबला, तर अंदाज बरोबर येऊनही ७ चा तोटा होतो. फायदा १,०२२ च्या वर सुरू होतो. सुरुवातीला सर्वात जास्त गफलत इथेच होते.

शेअरवरचे ऑप्शन रुजले ते ॲम्स्टरडॅममध्ये. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, तिच्या शेअरची खरेदीविक्री सुरू झाली, आणि त्यावरचे ऑप्शन इतके रुळले की जोसेफ दे ला वेगाने १६८८ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन लिहिलं. त्याआधीचं ट्यूलिप फुलांच्या कंदांवरच्या सट्ट्याचं प्रकरण मात्र वेगळा धडा देऊन गेलं. फेब्रुवारी १६३७ मध्ये कंदांचे भाव कोसळले आणि पुढच्या डिलिव्हरीचे सौदे केलेले खरेदीदार पैसे देईनात. हारलेमच्या नगरपरिषदेने १६३८ मध्ये मार्ग काढला: ठरलेल्या किमतीच्या ३.५ टक्के भरा आणि सौद्यातून मोकळे व्हा. म्हणजे जो सौदा पाळणं बंधनकारक होतं, त्याचा मागाहून ऑप्शन झाला, आणि तोही मातीमोल प्रीमियमवर. विक्रेत्यांनी आधी काहीच हातात घेतलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते मान्य करावं लागलं. ऑप्शन घेताना पूर्ण प्रीमियम सौद्याच्या वेळीच का द्यावा लागतो, याचं उत्तर या प्रकरणात आहे.

लंडनमध्ये १६९० च्या दशकात पुट आणि ‘रिफ्यूजल’ (म्हणजे आजचा कॉल) यांचा धंदा चालू झाला. १७३४ मध्ये सर जॉन बर्नार्ड यांच्या पुढाकाराने कायदा होऊन तो बेकायदा ठरला आणि १८६० मध्ये ती बंदी उठली. मधल्या सव्वाशे वर्षांत सौदे थांबले नाहीत, फक्त कोर्टात त्यांना किंमत उरली नाही. वसुलीचा आधार एकमेकांची पत एवढाच, त्यामुळे ओळखीपाळखीच्या दलालांचं निभावलं आणि बाहेरचा माणूस उघड्यावर पडला.

आता रसेल सेज. हा न्यूयॉर्कचा सावकारी वळणाचा वित्तदार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑप्शनचा मोठा व्यापारी होता. व्याजावर कायद्याची कमाल मर्यादा होती, आणि ती चुकवायला ऑप्शन कसे कामी येतात हे त्याच्या नेमकं लक्षात आलं. कर्ज हवं असलेला माणूस आपला शेअर सेजला १०० ला विकतो. त्याच वेळी ‘हा शेअर मी तुमच्याकडून १०० ला परत घेईन’ असा पुट सेजला फुकट देतो, आणि सेजकडून १०० चाच कॉल १० प्रीमियम देऊन घेतो. वर्षाने शेअर १३० झाला तर तो माणूस कॉल वापरून शेअर १०० ला सोडवतो. ७० झाला तर सेज पुट वापरून १०० ला त्याच्या गळ्यात घालतो. दोन्हीकडे शेअर १०० ला परत जातो आणि सेजच्या खिशात १० राहतात. व्याज हा शब्द कुठेच नाही, पण वर्षाला १० टक्क्यांहून जास्त व्याज वसूल झालेलं असतं.

यालाच पुढे पुट-कॉल पॅरिटी म्हणू लागले. शेअर आणि पुट घ्या, त्याच स्ट्राइकचा कॉल विका, की शेअर कुठेही गेला तरी शेवटी हातात ठरावीक रक्कम येते. म्हणून एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटच्या भावांत शेअरचा भाव आणि स्ट्राइक यांतलं अंतर, व्याज आणि लाभांश यांनी समजेल एवढाच फरक राहू शकतो. स्क्रीनवर याहून मोठी तफावत दिसली तर बहुतेक वेळा शेवटचा सौदा तासाभरापूर्वीचा असतो, किंवा लाभांश हिशेबात धरायचा राहिलेला असतो. शेवटचा भाव सोडून बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) बघितले की ती तफावत विरून जाते. इतका हिशेबी सेजही १८८४ च्या घबराटीत पोळला, कारण त्याने विकून ठेवलेले पुट लोकांनी एकदमच त्याच्या दारात आणले.

१९०० मध्ये पॅरिसला लुई बाशलिए यांनी शेअरबाजारातल्या ऑप्शनवर प्रबंध सादर केला. भावाचा संभाव्य पल्ला काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हे त्यांनी गणिताने दाखवलं. पुढची काही दशकं बाजारातल्या लोकांना त्याचा पत्ताच नव्हता.

न्यूयॉर्कमध्ये तोवर पुट आणि कॉलचे वेगळे दलाल तयार झाले होते. १९२९ च्या पडझडीनंतर अमेरिकी संसद ऑप्शनवर बंदी घालण्याच्या बेतात होती. दलालांनी बाजू मांडली आणि १९३४ च्या कायद्यात ऑप्शन वाचले. पण धंद्याची रीत जुनीच राहिली: वर्तमानपत्रात छोटी जाहिरात, फोनवर घासाघीस, स्ट्राइक बहुधा त्या क्षणीचा बाजारभाव, मुदत ३०, ६०, ९० दिवस. म्हणजे सोमवारी घेतलेला आणि मंगळवारी घेतलेला असे दोन ऑप्शन कधी एकसारखे नसायचे, आणि एकसारखे नसल्याने त्यांचा बाजार उभा राहत नव्हता. खरेदीदारापुढे दोनच वाटा: ऑप्शन वापरा किंवा सोडून द्या. भाव दुप्पट झाला म्हणून प्रीमियम विकून बाहेर पडणं, जे आज बहुतेक लोक करतात, ते तेव्हा सहज जमत नव्हतं.

२६ एप्रिल १९७३ ला शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंज सुरू झालं आणि ही कोंडी फुटली. शिकागोच्या धान्य वायदेबाजाराने जागा दिली होती, तीसुद्धा सदस्यांची जुनी धूम्रपानाची खोली. १६ शेअरवरचे फक्त कॉल होते आणि पहिल्या दिवशी ९११ करारांचे सौदे झाले. पुट १९७७ मध्ये आले, तेही आधी मोजक्याच शेअरवर. नवं काय होतं? स्ट्राइक ठरावीक अंतरावर, एक्स्पायरी ठरावीक महिन्यांत, करार १०० शेअरचा. आणि सर्वात मोलाचं म्हणजे मध्ये क्लिअरिंग हाउस. प्रत्येक घेणाऱ्यासाठी विकणारा क्लिअरिंग हाउस, आणि प्रत्येक विकणाऱ्यासाठी घेणाराही क्लिअरिंग हाउस. समोरचा कोण आहे याची चौकशी करण्याची गरज संपली. बदल्यात क्लिअरिंग हाउसने विक्रेत्याकडून मार्जिन, म्हणजे तारण रक्कम, मागितलं. ऑप्शन घेणाऱ्याचं नुकसान प्रीमियमएवढं, म्हणून त्याला मार्जिन नाही. विकणाऱ्याचं कितीही होऊ शकतं, म्हणून त्याच्याकडून मार्जिन घेतात आणि बाजार उलटला की वाढवून मागतात. पैसे वेळेत भरले नाहीत तर ब्रोकर पोझिशन (म्हणजे चालू असलेला सौदा) कापतो, आणि ती बहुधा सर्वात वाईट भावाला कापली जाते. ऑप्शन विकायचाच असेल तर किमान मार्जिनवर जेमतेम बसेल एवढी पोझिशन घेऊ नये, असं आम्ही आग्रहाने सांगू.

त्याच वर्षी फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचं सूत्र छापून आलं, रॉबर्ट मर्टन यांचा पूरक लेखही आला. शेअरचा भाव, स्ट्राइक, उरलेली मुदत आणि व्याजदर हे चार आकडे समोर असतात. पाचवा, म्हणजे मुदतीत शेअर किती हलेल, तो कोणालाच माहीत नसतो. म्हणून व्यापारी उलटं गणित करतात: बाजारातल्या प्रीमियममधून हलण्याचा अंदाज काढतात. तीच इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, वर्षाच्या टक्क्यांत सांगितलेली.

शेअरचा भाव आणि स्ट्राइक एकच असेल तर तोंडी हिशेब पुरतो: भाव गुणिले व्होलॅटिलिटी गुणिले वर्षातल्या उरलेल्या काळाचं वर्गमूळ, आणि त्याचे ४० टक्के. भाव १,००० आणि व्होलॅटिलिटी २० टक्के धरा. २८ दिवस उरले असता प्रीमियम साधारण २२, ७ दिवस उरले असता ११, एक दिवस उरला असता ४. पहिली ११ झिजायला तीन आठवडे लागले, पुढची ७ सहा दिवसांत गेली. बाशलिए यांचं वर्गमूळ हे असं खिशाला जाणवतं.

कंपनीच्या आर्थिक निकालाच्या आदल्या दिवशी कॉल घेणाऱ्यांचं काय चुकतं तेही यातच दिसतं. समजा ७ दिवस उरलेत आणि निकालाच्या धास्तीने व्होलॅटिलिटी ४० टक्के आहे: प्रीमियम २२. निकाल चांगला लागला, शेअर १,०१० झाला, पण अनिश्चितता संपल्याने व्होलॅटिलिटी २५ टक्क्यांवर आली. ६ दिवस उरलेल्या त्या कॉलचा भाव आता साडेअठराच्या आसपास. दिशा बरोबर, तरी तोटा. म्हणून ऑप्शन घेण्याआधी व्होलॅटिलिटीचा रकाना बघायचा, आणि आजची व्होलॅटिलिटी त्याच शेअरच्या गेल्या काही महिन्यांतल्या आकड्यांशी ताडायची.

सूत्राचा दुबळेपणा १९ ऑक्टोबर १९८७ ला उघडा पडला. डाऊ जोन्स हा अमेरिकी शेअरबाजाराचा इंडेक्स (निर्देशांक) एका दिवसात २२.६ टक्के पडला. सूत्राच्या हिशेबाने अशी पडझड जवळजवळ अशक्य होती, त्यामुळे बाजारभावापेक्षा खूप खालच्या स्ट्राइकचे पुट कवडीमोलाने विकले जात होते. ते विकणाऱ्यांनी अनेक महिन्यांत मिळवलेलं त्या एका दिवसात गेलं. तेव्हापासून इंडेक्सवरचे दूरचे पुट सूत्राच्या मानाने महाग असतात. बाजाराने ती आठवण भावात मुरवून घेतली.

तरीही १९९५ मध्ये ब्रिटनची बेरिंग्ज बँक बुडाली. सिंगापूरमध्ये तिच्या निक लीसन या व्यापाऱ्याने जपानच्या निक्केई इंडेक्सवर एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट दोन्ही विकून ठेवले होते. इंडेक्स जागेवर राहिला तर दोन्हीकडचा प्रीमियम खिशात, असा हा स्ट्रॅडल. १७ जानेवारीला कोबेचा भूकंप झाला आणि इंडेक्स खाली आला. त्याने पोझिशन कापली नाही, उलट इंडेक्स वर जाईल या आशेने फ्युचर (म्हणजे पुढच्या तारखेचे बंधनकारक सौदे) घेत गेला. एकूण तोटा ८२.७ कोटी पौंड. लहान खात्यातही हेच घडतं: विकलेला ऑप्शन अंगावर आल्यावर तो बंद करण्याऐवजी सरासरी काढण्यासाठी आणखी विकला जातो, आणि मार्जिनचा फोन येतो.

शिकागोत १९८३ मध्ये इंडेक्सवरचे ऑप्शन आले. इंडेक्सची डिलिव्हरी देता येत नाही, म्हणून हिशेब रोखीत. शेअरवरच्या ऑप्शनमध्ये मात्र अनेक बाजारांत प्रत्यक्ष शेअरच द्यावे-घ्यावे लागतात. १,००० चा कॉल एक्स्पायरीला १,००३ वर राहिला आणि तुम्ही तो विकला नाही, तर तो आपोआप वापरला जाऊ शकतो आणि १०० शेअरच्या करारासाठी १ लाखाची सोय लागते. खात्यात २,२०० चा प्रीमियम भरण्यापुरतेच पैसे असतील तर पंचाईत. त्यामुळे शेअर घ्यायचा नसेल तर एक्स्पायरीच्या दिवशी बाजार बंद होण्याची वाट न बघता बाहेर पडावं, आणि तेही लिमिट ऑर्डरने (म्हणजे आपला भाव ठरवून दिलेल्या ऑर्डरने), कारण शेवटच्या तासात बिड आणि आस्कमधलं अंतर फाकतं.

मुदत पुढे आक्रसतच गेली. शिकागोने २००५ मध्ये आठवड्याचे ऑप्शन आणले, आणि २०२२ पासून एस अँड पी ५०० या अमेरिकी इंडेक्सवर सोमवार ते शुक्रवार रोज एक्स्पायरी असते. एक दिवसाच्या ऑप्शनचा प्रीमियम ४ वर आलेला दिसतो आणि स्वस्त वाटतो. पण रोज नवा घेतला तर चार आठवड्यांच्या वीस कामकाजाच्या दिवसांत ८० जातात, तर २८ दिवसांचा एकच ऑप्शन २२ ला मिळतो. शिवाय दर सौद्याला ब्रोकरेज आणि बिड-आस्कचा फरक. ०.२० चा फरक २२ वर एका टक्क्याहूनही कमी पडतो, ४ वर पाच टक्के.