नदी काळी, फोटोत सोनेरी

पुण्यात म्हात्रे पुलाच्या कठड्यावरून सरळ खाली पाहिलं की मुठा नदी आहे तशीच दिसते. काळपट पाणी, काठाच्या झुडपांत अडकलेल्या पिशव्या, मधूनच फेसाचा एखादा पुंजका. आता मान वर करून नैऋत्येकडे, पाणी जिकडून येतं तिकडे बघा. डिसेंबर महिना आणि संध्याकाळचे पावणेसहा असतील, तर तीच नदी वितळलेल्या सोन्यासारखी झळाळत असते. हा फोटो घरी दाखवला की हमखास विचारणा होते, "ही मुठा? फिल्टर लावलायस ना?"

फिल्टर नसतो. सगळी करामत कोनाची असते.

पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाश सरळ वरून पडला, तर जेमतेम दोन टक्के परत फिरतो. बाकीचा आत शिरतो आणि आत जे काही असेल, गाळ, शेवाळ, मैला, त्याचा रंग घेऊन थोडासा बाहेर येतो. प्रकाश जसजसा तिरपा होत जातो तसतसं पाणी आरशासारखं वागू लागतं. पूल पाण्यापासून दहा मीटर उंच आहे असं धरू. तुमच्यापासून दहा मीटर दूरचं पाणी आकाशाचा तीन टक्क्यांहूनही कमी प्रकाश तुमच्याकडे पाठवतं, तर शंभर मीटरवरचं संथ पाणी अर्ध्याहून जास्त. म्हणजे जवळची नदी आपण आतून बघतो आणि लांबची फक्त वरून. लांबच्या पाण्यात मुठेचं काहीच दिसत नाही, दिसतं ते आकाश.

म्हणूनच हौशी फोटोग्राफरनं पुलापेक्षा घाट धरावा. ओंकारेश्वर मंदिराजवळ पायऱ्यांवर बसून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला, की वीस-तीस पावलांवरचं पाणीही रंग घेऊ लागतं. वास येतो, ते सोसायचं. जलपर्णी पसरली असेल तर मात्र घाट काय नि पूल काय, उपयोग नाही. पानांचा आरसा होत नाही.

पाणी अगदी निश्चल असेल तर सूर्याचं एकच गोल प्रतिबिंब दिसेल. नदीत तसं क्वचितच होतं. वाऱ्यानं उठलेल्या बारीक तरंगांचा प्रत्येक उतार म्हणजे एक छोटा आरसा, आणि ज्या आरशाचा कल बरोबर जुळतो तो क्षणभर सूर्य दाखवून विझतो. अशा हजारो लखलखाटांची मिळून ती सोनेरी वाट बनते, जी नेमकी आपल्याच पायाशी येते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याची स्वतःची वेगळी वाट दिसते. ही वाट निव्वळ शोभेची नाही. तरंग जितके उभट, तितकी ती रुंद. चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या दोन अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञांनी विमानातून घेतलेल्या अशाच चकाकीच्या फोटोंवरून समुद्राच्या लाटांचे उतार मोजले आणि १९५४ साली ते प्रसिद्ध केले. उपग्रहांवरून समुद्राचं निरीक्षण करणारे आजही त्यांची सूत्रं वापरतात. आपण तोच फोटो काढून वॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवतो, एवढाच काय तो फरक.

दुसरा कोन वर्षाचा. सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो ते फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसांच्या आसपास. पुण्याच्या अक्षांशावर जूनमध्ये तो पश्चिमेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला जातो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. मुठा शहरात नैऋत्येकडून येते. त्यामुळे हिवाळ्यात सूर्य नदीच्या पात्राकडे झुकतो आणि उन्हाळ्यात इमारतींमागे जाऊन बसतो. मी पहिली दोन वर्षं एप्रिल-मेमध्ये पुलावर जाऊन "इथून काही मिळत नाही" असं म्हणत परत यायचो. चूक जागेची नव्हती, महिन्याची होती.

वेळेचीही एक गंमत आहे. सगळ्यांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण पुण्यात सूर्य सगळ्यांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाच्या थोडं आधी. शिवाय पंचांगातली सूर्यास्ताची वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजासाठी असते. समोर दोन अंश उंचीची टेकडी किंवा इमारत असली, तरी सूर्य नऊ-दहा मिनिटं आधीच हातचा जातो. बिंबाची खालची कड टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत आपल्याकडे जेमतेम सव्वादोन ते अडीच मिनिटं मिळतात. लंडनला सूर्य तिरपा उतरतो, त्यामुळे तिथल्या फोटोग्राफरला मिनिटभर तरी जास्त. आणि खरं क्षितिज समोर असेल तर, म्हणजे कोकणात किनाऱ्यावर उभे असाल तर, बिंब पाण्याला टेकलेलं दिसतं तेव्हा सूर्य वास्तवात क्षितिजाखाली गेलेला असतो. वातावरण प्रकाश वाकवतं आणि क्षितिजाजवळ हे वाकणं सूर्याच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा थोडं जास्तच असतं. आपण जो टिपतो तो बुडालेला सूर्य.

रंगाबद्दल शाळेत शिकलेलं बरोबरच आहे, फक्त अर्धं आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या चौपटीहून जास्त विखुरतात. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत जवळजवळ अडतीस पट हवेतून येतो, वाटेत निळा-हिरवा गळून पडतो आणि नारिंगी-लाल उरतो. स्वयंपाकघरात करून बघा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, दुधाचे दोन-तीन थेंब टाका, अंधारात मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं लावा. कडेनं बघितलं तर पाणी निळसर दिसतं, समोरून टॉर्चकडे बघितलं तर टॉर्च पिवळट नारिंगी. आणखी एक थेंब टाकला की नारिंगी गडद होतो. चमचाभर दूध ओतलं मात्र, की सगळं नुसतं पांढरं.

शाळेत राहून गेलेलं अर्धं हे त्या शेवटच्या चमच्यात आहे. "प्रदूषण जास्त म्हणून सूर्यास्त सुंदर" हे वाक्य मी पुलावर निदान दहा वेळा ऐकलंय आणि मला ते पटत नाही. धूळ आणि धुराचे कण हवेच्या रेणूंपेक्षा कितीतरी मोठे असतात. असे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात आणि आकाश मळकट करतात. जानेवारीतल्या थंड संध्याकाळी नदीच्या खोऱ्यात धूर तळाशी दबून राहतो, तेव्हा सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा लाल दिसतो खरा, पण भोवतालचं आकाश राखाडी राहतं आणि ताटली क्षितिज गाठण्याआधीच विरून जाते. रंगांची खरी उधळण बघायची तर पावसानं हवा धुऊन काढल्यावर, ऑक्टोबरात किंवा पावसाळ्याच्या उघडिपीत, वर उंच विरळ ढग असताना.

आता कॅमेरा. डोळ्यांना केशरी दिसलेला सूर्य फोटोत पिवळा-पांढरा ठिपका का होतो? सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा मोजला जातो. मावळतीच्या प्रकाशात लाल भरपूर, त्यामुळे त्याचं माप आधी काठोकाठ भरतं. पुढे आलेला लाल सांडून जातो, हिरवं माप मात्र भरतच राहतं. लाल आणि हिरवा सारखे झाले की पिवळा, निळाही भरला की पांढरा. उपाय सोपा आहे: फोनवर सूर्याजवळच्या आकाशावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, काठ काळा पडला तरी चालेल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. केशरी रंग हा दोष आहे असं समजून कॅमेरा तो इमानेइतबारे दुरुस्त करतो. आणि सूर्य एवढासा दिसतो याचं वाईट वाटून घेऊ नका. फोनच्या नेहमीच्या लेन्सला तो फोटोच्या रुंदीच्या सुमारे दीडशेव्या भागाएवढाच मिळतो, मोठा दाखवतो तो आपला मेंदू. मोठी लेन्स लावणार असाल तर डीएसएलआरच्या काचेतून सूर्याकडे अजिबात बघू नका, मागच्या पडद्यावर बघा.

गेल्या डिसेंबरात सूर्य बुडाल्यावरही मी तिथेच उभा होतो. रोज फिरायला येणारे एक आजोबा थांबले. "अहो, बुडाला की! आता काय काढताय?"

"आत्ताच सुरू होतंय, आजोबा. जरा मागं वळून बघा."

पूर्वेला इमारतींच्या वर निळसर करडा पट्टा चढत होता आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. आजोबा बराच वेळ बघत राहिले. "सत्तर वर्षं राहतोय इथं," एवढंच म्हणाले.

पश्चिमेला वरचे ढग अजून सूर्य बघत होते आणि खालून पेटले होते. दहा-पंधरा मिनिटांनी तेही विझले आणि आकाश गडद निळं झालं. हा निळा दुपारच्या निळ्याचा सख्खा भाऊ नव्हे. एडवर्ड हल्बर्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९५३ साली दाखवून दिलं की संधिप्रकाशात डोक्यावरचं आकाश निळं राहतं ते मुख्यतः ओझोनमुळे. तिरपा प्रकाश ओझोनच्या थरातून लांबवर जातो, आणि ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा शोषून घेतो.

तोवर रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात आणि पाण्यात प्रत्येक दिव्याची एक लांब, थरथरती वाट उमटते, सूर्याची उमटते तशीच. आता शटर अर्धा सेकंद तरी उघडं ठेवावं लागतं, म्हणून कॅमेरा कठड्यावर टेकवायचा. पण बस गेली की पूल हलतो. ती पलीकडे जाईपर्यंत थांबायचं, आणि मग बटण दाबायचं.